‘सिन्स’ दिसलं की ‘हॅज बीन’ : हे सूत्र आता पुरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पानावर सध्या इंग्रजी काळांची मालिका चालू आहे. गेल्या आठवड्यात प्रेझेंट परफेक्ट आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस अशी जोडगोळी आली होती. वर चौकटीत ठळक टाइपात सूत्र : ‘वाक्यात सिन्स किंवा फॉर दिसलं की हॅज किंवा हॅव, मग बीन, मग आयएनजी.’ खाली रिकाम्या जागा आणि पानाच्या तळाशी उलटी छापलेली उत्तरं. प्रत्येक रिकाम्या जागेला एकच उत्तर.

माझी मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीला. तिच्या शाळेतही हेच सूत्र शिकवतात. चाचणीत तिनं ‘शी हॅज लिव्हड इन पुणे सिन्स 2015’ असं लिहिलं. त्यावर लाल काट पडली आणि बाजूला ‘हॅज बीन लिव्हिंग’ असं आलं. आपल्या पानाच्या उत्तरसूचीतही तसंच एक वाक्य आहे आणि तसंच एकमेव उत्तर आहे. वास्तविक दोन्ही बरोबर. लिव्ह, वर्क, स्टडी, टीच अशा क्रियापदांना दोन्ही काळ चालतात आणि अर्थात म्हणावा असा फरक पडत नाही. बाईंशी माझं भांडण नाही. एकेका तुकडीच्या वह्यांचा ढीग पुढ्यात असताना उत्तरसूचीबाहेर बघायला सवड कुठली? म्हणून जिथून उत्तरसूची येते तिथंच लिहायचं ठरवलं.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक्स्पोर्टचे कागद आणि परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघते. ऑर्डर कुठवर आली, किती माल गेला, किती राहिला, रिजेक्शन का आलं, एवढंच दिवसभर इंग्रजीतून सांगायचं. कविता नाही, निबंध नाही. पण या कामात सगळ्यात जास्त लागणारे काळ कोणते म्हणाल तर हेच दोन. आणि नवीन लागलेली पोरं सगळ्यात जास्त अडखळतात तीही इथंच. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आमची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली होती. म्हणजे आता आमच्याकडे कामाला लागणारी मुलं आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त इंग्रजी शिकून आलेली असतात. सूत्र त्यांना तोंडपाठ असतं. गाडी मात्र तिथंच अडते.

आधी सूत्र कुठं मोडतं ते सांगते. ‘दिवाळीपासून तो मला दिसला नाही’ हे वाक्य घ्या. वाक्यात ‘पासून’ आहे, म्हणजे सिन्स आलं. सूत्राप्रमाणे ‘हॅव नॉट बीन सीइंग’ झालं पाहिजे. इंग्रजीत म्हणतात ‘आय हॅवन्ट सीन हिम सिन्स दिवाळी’. ‘मी त्याला लहानपणापासून ओळखते’ याचं ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड’. इथं ‘हॅव बीन नोइंग’ कुणी म्हणत नाही, कारण ओळखणं ही चालू असलेली कृती नाही, ती अवस्था आहे. मालकीचं, विश्वासाचं, आवडीनिवडीचं तसंच. आमच्या भट्टीबद्दल लिहायचं तर ‘वुई हॅव हॅड धिस फर्नेस फॉर मेनी इयर्स’. हे ‘हॅव हॅड’ बघून नवीन पोरं दचकतात, टाइप करताना दोनदा पडलं असेल म्हणून त्यातलं एक खोडून टाकतात. सूत्र शिकवणाऱ्या कुणीही त्यांना हे कधी दाखवलेलं नसतं.

उलट बाजूनंही सूत्र लंगडंच आहे. कंटिन्युअसला सिन्स किंवा फॉर लागतंच असं नाही. गंगावेशीतल्या तालमीतून एखादा पोरगा बाहेर येतो. कानात, केसात, पाठीवर तांबडी माती. त्याला बघून ‘ही हॅज बीन रेसलिंग’ एवढं वाक्य पुरतं. किती वेळ, कधीपासून, काही सांगायला नको. कुस्ती संपलेली आहे, पोरगा आता थंडाई प्यायला निघालाय, तरी कंटिन्युअसच. नुकत्याच चाललेल्या कामाची खूण समोर दिसतेय म्हणून. त्याच पोराबद्दल ‘त्यानं आतापर्यंत चार कुस्त्या मारल्यात’ असं सांगायचं झालं तर ‘ही हॅज वन फोर बाउट्स’. आकडा आला की काळ बदलला.

आता मूळ मुद्दा. आमच्या भागातल्या पोराला हा फरक शिकवावाच लागत नाही, तो त्याच्या कानात असतो. फक्त तो कानातून वहीत कसा आणायचा हे कुणी सांगत नाही.

मी कसबा बावड्यात राहते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आमच्याच हद्दीत. जुलै लागला की बावड्यात सकाळी चहाआधी पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती?’ 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 म्हणजे धोका पातळी, हे इथलं दुसरीतलं पोरही सांगतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हा दुसरा प्रश्न. आता ऐका, माणसं काय बोलतात. शेजारच्या आजी दारात उभ्या राहून म्हणतात, ‘पाणी चढायलंय बघ.’ तासाभरानं त्यांचा नातू बंधाऱ्यावरून येऊन सांगतो, ‘दोन फूट चढलंय.’ आजी आणि नातू, दोघांनीही इंग्रजीचा काळ डोक्यात धरलेला नाही. पण ‘चढायलंय’ ऐकल्यावर गोठ्यातली जनावरं सोडायची तयारी सुरू होते आणि ‘दोन फूट चढलंय’ ऐकल्यावर खालच्या खोलीतली धान्याची पोती माळ्यावर जातात. पहिल्या वाक्यात काम चालू आहे, दुसऱ्यात हिशेब हातात आहे. कुणाचीही गल्लत होत नाही.

हेच इंग्रजीत मांडा. ‘द रिव्हर हॅज बीन रायझिंग सिन्स मिडनाइट.’ ‘द रिव्हर हॅज रिझन बाय टू फीट सिन्स मिडनाइट.’ नदी तीच, मध्यरात्र तीच, आणि दोन्ही वाक्यांत सिन्स आहे! मग सूत्रानं काय ठरवलं? काहीच नाही. ठरवलं ते आपल्याला काय सांगायचंय त्यानं. पाणी चढत राहिलंय हे सांगायचं असेल तर पहिलं वाक्य, किती चढलं हे सांगायचं असेल तर दुसरं. पहिल्या वाक्यात ‘बाय टू फीट’ घातलं तर ते कानाला बोचतं, कारण चालू कामाला माप लावता येत नाही, माप झालेल्या कामाला लागतं. आणि ‘पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली’ हे ‘द रिव्हर हॅज क्रॉस्ड द डेंजर मार्क’. ओलांडणं एका क्षणाचं. ‘हॅज बीन क्रॉसिंग’ म्हणाल तर नदी वरखाली होत सारखी पातळी ओलांडतेय असं ऐकणाऱ्याला वाटेल.

इथंच एक गोष्ट मात्र खरोखर शिकवावी लागते आणि सूत्राचा उपयोग असेल तर तेवढ्यापुरता आहे. आपण ‘पाऊस पडायलाय’ म्हणतो आणि ‘सकाळपासून पाऊस पडायलाय’ म्हणतानाही क्रियापद तेच ठेवतो. इंग्रजीत पहिल्याला ‘इट इज रेनिंग’ चालतं, पण मागच्या कुठल्या तरी वेळेपासून आतापर्यंतचा धागा जोडला की ‘इज’ चालत नाही, ‘हॅज बीन’ लागतं. हे न कळल्यामुळं उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत कित्येक कारखान्यांच्या माहितीपत्रकावर ‘वुई आर मॅन्युफॅक्चरिंग कास्टिंग्ज सिन्स 1994’ अशा थाटाचं वाक्य असतं. तिथं ‘हॅव बीन मॅन्युफॅक्चरिंग’ पाहिजे. आणि त्याच पत्रकाच्या दुसऱ्या पानावर ‘सिन्स लास्ट थर्टी इयर्स’. आपलं ‘पासून’ सालालाही लागतं आणि वर्षांच्या संख्येलाही. इंग्रजीनं त्याची वाटणी केलीय : कुठून सुरुवात ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. हे मुलांना एकदा नीट सांगितलं की कळतं. यात अवघड काही नाही.

आता आमच्या ऑफिसातला एक किस्सा. डिप्लोमा करून आलेला एक मुलगा माझ्याकडे पत्रव्यवहार शिकत होता. हुशार पोरगा, साचे करण्यापासून (मोल्डिंग) ओतलेला माल साफ करण्यापर्यंत (फेटलिंग) सगळा शॉप त्याला माहीत. युरोपातल्या एका ग्राहकाच्या पंप बॉडी जायच्या होत्या, त्याचा मेल आला, ऑर्डरचं काय झालं म्हणून. यानं उत्तर दिलं, ‘वुई हॅव बीन डिस्पॅचिंग युअर कास्टिंग्ज सिन्स मंडे.’ पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं : ‘हाउ मेनी हॅव यू डिस्पॅच्ड?’

पोरगा माझ्याकडे आला. ‘मॅडम, मी बरोबरच लिहिलंय की. सिन्स आहे, म्हणून हॅव बीन आणि आयएनजी.’ व्याकरण बरोबरच होतं. पण ग्राहकाला त्यातून कळलं एवढंच की सोमवारपासून माल निघायला लागलाय आणि अजून निघतोच आहे. खरं तर सगळा लॉट बुधवारी गेटबाहेर पडला होता, पॅकिंग लिस्ट तयार होती, कंटेनर सील झाला होता. ग्राहकाच्या प्रश्नाकडे बघा, त्यानं स्वतःच काळ बदललाय. आकडा विचारायचा होता म्हणून ‘हॅव यू डिस्पॅच्ड’. मी म्हटलं, काम संपलं असेल तर संपलं म्हण आणि नग सांग. त्यानं दुसरा मेल केला, ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द होल लॉट ऑन वेन्सडे.’ पुन्हा थांबवलं. ‘बुधवारी माल पाठवलाय’ हे आपल्याकडे अस्सल मराठी आहे, ‘काल पाठवलंय’ तर आपण दिवसातून दहादा म्हणतो. इंग्रजीत मात्र वार, तारीख, काल, गेल्या महिन्यात असा संपलेला वेळ नावानिशी आला की हॅव-हॅजनं बाजूला व्हायचं. ‘वुई डिस्पॅच्ड द होल लॉट ऑन वेन्सडे.’ नाही तर वार गाळायचा आणि नुसतं ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द होल लॉट’.

आपल्या चौकटीत याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या बघण्यात मराठी माणसाच्या इंग्रजीत सिन्स-फॉरपेक्षा हीच चूक जास्त होते. 26 जूनला शाहू जयंतीला शाळाशाळांत इंग्रजी भाषणं होतात. ऐकून बघा. ‘शाहू महाराज हॅज गिव्हन फिफ्टी पर्सेंट रिझर्व्हेशन इन 1902.’ आदेश 26 जुलै 1902 चा, महाराज 1922 साली गेले, साल तर वाक्यातच आहे. तिथं ‘गेव्ह’ पाहिजे. पण त्याच भाषणात राधानगरी धरणाबद्दल बोलताना ‘द डॅम हॅज गिव्हन वॉटर टु अवर फार्मर्स फॉर डिकेड्स’ म्हटलं तर अगदी बरोबर, कारण पाणी आजही येतंय. किती सोपं, घरचं उदाहरण आहे हे, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरच्या सराव पानावर तरी ते यायला काय हरकत होती?

ग्राहकाकडून आलेल्या तक्रारी वाचतानाही हा फरक कळावा लागतो, आणि तिथं तो पैशाचा मामला असतो. ‘वुई हॅव फाउंड ब्लो होल्स इन सिक्स पीसेस’, म्हणजे सहा नगांत वायूमुळं पडलेल्या पोकळ्या सापडल्या, असा मेल आला तर सहा नग बाजूला काढायचे, बदलून द्यायचे, विषय मिटला. ‘वुई हॅव बीन फाइंडिंग ब्लो होल्स इन युअर कास्टिंग्ज’ असा आला तर ते पुन्हापुन्हा घडतंय, बरेच दिवस चाललंय, आणि तो आता वैतागलाय. आकडा नाही म्हणून हा मेल सौम्य वाटतो. तसा तो नसतो. तिथं वाळूतला ओलावा, गॅसिंग, पोअरिंगचं तापमान सगळं पुन्हा तपासायला क्वालिटीवाल्यांना बसवावं लागतं. मी तरी असा मेल आला की आधी साहेबांना फोन करते, उत्तर नंतर लिहिते.

आणखी एक गफलत या सूत्रामुळंच होते. मुलांना ‘हॅज बीन’ दिसलं की तो कंटिन्युअसच वाटतो. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक काही दिवस ठप्प झाली. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हा ग्राहकांना कळवायचं वाक्य होतं, ‘द हायवे हॅज बीन क्लोज्ड सिन्स टूझडे’. यात हॅज बीन आहे, सिन्स आहे, पण आयएनजी नाही. कारण हायवे स्वतः काही बंद करत नव्हता, त्याला बंद केलं गेलं होतं. हा कर्मणी प्रयोग, म्हणजे साध्या परफेक्टचाच पॅसिव्ह. सूत्रावर वाढलेल्या पोरानं याचं ‘हॅज बीन क्लोजिंग’ केलं तर पलीकडचा माणूस हायवे हळूहळू मिटतोय असं समजेल. बीनच्या पुढं काय आहे ते बघायचं : आयएनजी असेल तर कर्ता स्वतः काम करतोय, तिसरं रूप असेल तर बहुतेक वेळा त्याच्यावर काम झालंय.

ता. क. मध्ये लिहावं तसं दोन-चार बारकावे इथंच उरकते. ‘साहेब पुण्याला गेलेत’ म्हणजे ‘हॅज गॉन टु पुणे’, साहेब अजून तिकडंच. ‘साहेब पुण्याला जाऊन आलेत’ म्हणजे ‘हॅज बीन टु पुणे’. फोनवर ही अदलाबदल झाली तर पलीकडचा माणूस साहेबांची वाट बघत बसतो. पाहुणा पहिल्यांदा तांबडा रस्सा चाखतो आणि नाकातून पाणी काढत म्हणतो, ‘मी पहिल्यांदाच खातोय’. इंग्रजीत ते ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन इट’, समोर वाटी अर्धी भरलेली असली तरी. आणि अमेरिकन ग्राहक ‘डिड यू शिप इट येट?’ असं लिहितो, ब्रिटिश ‘हॅव यू शिप्ड इट येट?’ असं. आपली पुस्तकं दुसऱ्या वळणाची आहेत. अमेरिकन माणसाचं पत्र बघून ‘याला व्याकरण येत नाही’ म्हणणारी पोरं मी पाहिलीत.

अवस्था आणि कृती यांतला फरक सांगायला मला आवडणारं उदाहरण आमच्या अंबाबाईचं. ‘द टेंपल हॅज स्टुड हिअर फॉर सेंच्युरीज.’ देऊळ शतकानुशतकं उभं आहे. नवरात्रात त्याच देवळाच्या रांगेतला माणूस : ‘ही हॅज बीन स्टँडिंग इन द क्यू सिन्स फोर ओ’क्लॉक.’ उभं राहणं तेच, पण एक कायमचं आणि एक दर्शन होईपर्यंतचं. इंग्रजी माणूस कायमच्याला साधा परफेक्ट वापरतो, तात्पुरत्याला कंटिन्युअस. सूत्राला विचारलं तर ते देवळालाही रांगेत उभं करील.

आता यावर शिक्षकांचं आणि क्लासवाल्यांचं एक उत्तर ठरलेलं आहे, राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारा. ‘मॅडम, पेपरात वेळ नसतो. सूत्रानं मार्क पडतात.’ मला हे पटत नाही असं नाही. इंग्रजीच्या नावानंच ज्याला घाम फुटतो त्या मुलाला काहीतरी धरायला लागतं, हे मान्य. पण मार्क पडतात ते प्रश्न तसा काढलेला असतो म्हणून. ‘शी डॅश इन पुणे सिन्स 2015, कंसात लिव्ह’ असा प्रश्न काढायचा, त्याला एकच उत्तर ठेवायचं आणि मग सूत्र चालतं म्हणायचं, हा आपणच घातलेला घोळ आहे. रिकाम्या जागेच्या आधी परिस्थितीची एक ओळ छापा, मग बघा सूत्र किती चालतं ते. बाबा घामाघूम होऊन घरात आले, बूट चिखलानं भरलेत : बाबांनी काय केलंय? ‘ही हॅज बीन रनिंग.’ बाबा मोबाइलवरचं अंतर दाखवतायत आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या झाल्या म्हणून सांगतायत : ‘ही हॅज रन टू राउंड्स.’ पूर ओसरलाय, आईच्या कोपरापर्यंत गाळ लागलाय आणि बादली अजून हातात आहे : ‘शी हॅज बीन क्लीनिंग द हाउस.’ आई खुर्चीत टेकलीय, फरशी चकचकीत आहे : ‘शी हॅज क्लीन्ड द हाउस.’ पाचवीतल्या पोराला दोन चित्रं दाखवून हे शिकवता येईल. दहावीच्या पोराला तर चित्रही लागणार नाही.

आपल्याकडे हे करायला माणसं शोधायचीही गरज नाही. आपलाच अंक उघडा. पावसाळ्यात पहिल्या पानावर रोज पंचगंगेची पातळी असते. ‘पंचगंगा इशारा पातळीवर’ ही बातमी इंग्रजी अंकात कशी येते ते मुलांना दाखवा. पहिलं वाक्य परफेक्टमध्ये, ‘द पंचगंगा हॅज क्रॉस्ड द वॉर्निंग लेव्हल’, म्हणजे ताजी खबर. पुढचं लगेच साध्या भूतकाळात, ‘इट क्रॉस्ड 39 फीट अॅट फाइव्ह इन द मॉर्निंग’, म्हणजे तपशील. त्याच्या पुढं ‘द वॉटर हॅज बीन रायझिंग स्टेडिली’, म्हणजे अजून निवांत झोपू नका. तीन ओळींत तीन काळ, आणि प्रत्येकाला आपलं वेगळं काम. शेवटी मुलांना विचारा, 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं ते कुठल्या काळात लिहाल? ‘इट रोज अबव्ह 55 फीट इन 2019.’ साल संपलं, हॅज गेलं. एवढा सराव झाला तर नववीतलं पोरगं आमच्याकडच्या डिप्लोमावाल्यापेक्षा बरा मेल लिहील, हे मी जबाबदारीनं सांगते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. चौकटीतल्या सूत्रात ‘बऱ्याचदा’ हा शब्द घाला आणि शेजारी ‘आय हॅवन्ट सीन हिम सिन्स दिवाळी’ हे वाक्य छापा, म्हणजे शंका तरी येईल. लिव्ह-वर्कसारख्या जागांना उत्तरसूचीत दोन्ही उत्तरं द्या. आपल्या पानाचं कात्रण पुराव्यासारखं वर्गात फिरतं, त्यामुळं हे झालं तर पुढच्या चाचणीत पोरांना बाईंपुढं ठेवायला काहीतरी राहील. ‘काल’ आणि ‘हॅव’ एका वाक्यात बसत नाहीत यावर एक अख्खं पान करा, त्याची गरज मोठी आहे. उदाहरणं हवी असतील तर ग्राहकांची नावं गाळून मी ढीगभर पाठवते, टाइप करून, आपल्याला कष्ट नाहीत.

पानाच्या खाली ‘पुढील आठवड्यात : पास्ट परफेक्ट’ असं छापलंय. तिथं ‘बिफोर किंवा आफ्टर दिसलं की हॅड’ अशी चौकट तयार झाली असेल, तर ती छपाईला जाण्याआधी जरा थांबवावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
कसबा बावडा, कोल्हापूर